हवामानबदलावर काम करायचं आहे, पण पीएच.डी. कोणत्या विषयात करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. गाव बार्शी तालुक्यात, घरची कोरडवाहू शेती. त्यांना हवामानबदलावर संशोधन करायचं आहे, पण नुसत्या समीकरणांत अडकून पडायचं नाही. शेती, पाणी, आरोग्य, अर्थकारण हे सगळं जोडून बघायचं आहे आणि ते मराठीतून लोकांपर्यंत न्यायचं आहे. कॉलेजातले सर म्हणतात, ‘आधी एक विषय धर, आणि लेख-व्हिडिओंच्या नादी लागलास तर संशोधक म्हणून तुला कुणी विचारणार नाही.’ घरचे म्हणतात, एमपीएससी दे. तर काय करावं?

यात तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: विषय कोणता, संशोधन की लोकांशी बोलणं, आणि घरी काय सांगायचं. पण मला खरी अडचण चौथी वाटते आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. अनेक विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्या माणसाचं काम तपासणार कोण? भौतिकशास्त्रवाले म्हणणार हे शेतीचं आहे, कृषी विद्यापीठवाले म्हणणार ही तर आकडेमोड आहे, अर्थशास्त्रवाले विचारणार की यात अर्थशास्त्र कुठे आहे. पीएच.डी.चे परीक्षक, नेमणुकीची समिती, प्रकल्पाला पैसे देणारं खातं, सगळी यंत्रणा विषयवार कप्प्यांतून चालते. तुम्हाला काम करायचंय कप्प्यांच्या मध्ये आणि तपासून घ्यायचंय कप्प्यांकडून. बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं यातून निघतात.

मी मूळची संख्याशास्त्राची. पुण्यात मोसमी पावसातल्या खंडांवर, म्हणजे मध्येच पडणाऱ्या उघडिपींवर, काम सुरू केलं, तिथून पिकांकडे गेले, आणि अलीकडे उष्मा आणि आरोग्य यावर डॉक्टर मंडळींबरोबर काम करते. मराठीत लिहिते, रेडिओवर आणि गावातल्या बैठकांत बोलते. म्हणजे माझं उत्तर एका वाटेवरून चाललेल्या बाईचं आहे. तुमच्या बाबतीत काही गोष्टी मला ठाऊक नाहीत आणि त्यांनी उत्तर बदलू शकतं: पुढची पाच-सहा वर्षं फेलोशिपच्या पैशांवर काढणं घरच्या परिस्थितीला झेपेल का, संगणकासमोर दिवसचे दिवस बसून माहिती साफ करणं तुम्हाला सोसतं का, आणि पुणे सोडायची तयारी आहे का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर थेट नोकरीविषयीच्या भागाकडे जा.

आता ‘सगळं जोडून बघणं’ म्हणजे काय, ते पुण्यातल्याच एका रात्रीवरून सांगते. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. सहकारनगर, अरण्येश्वर, पद्मावती या भागांत पाणी घुसलं, भिंत कोसळली, गाड्या वाहून गेल्या, शहर आणि आसपासच्या भागात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: हे हवामानबदलामुळे झालं का?

हवामानवाला माणूस आधी पाऊस बघतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेत पडलेला पाऊस आणि कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस एक नसतो, आणि ओढा डोंगरातल्या पावसाने फुगतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरायची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थोड्या वेळात कोसळणारा पाऊस जास्त जोरदार होऊ शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या, म्हणजे आयआयटीएममधल्या, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतावरच्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पण तो निष्कर्ष मोठ्या पट्ट्यावर पसरलेल्या, दिवसाला 150 मिलीमीटर किंवा त्याहून जास्त पावसाबद्दलचा आहे. तो उचलून एका ओढ्याच्या दोन-तीन तासांना चिकटवता येत नाही. इथे हवामानवाल्याचं काम संपतं, आणि मृत्यूंचं कारण अजून सापडलेलं नसतं.

ते पुढे आहे. ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि पर्वतीच्या बाजूने, दांडेकर पुलाजवळून मुठेकडे जातो. पेशवाईत नानासाहेबांनी या ओढ्याचा प्रवाह वळवला, पर्वतीच्या पायथ्याला तळं केलं. आजची सारसबाग त्या तळ्याच्या जागेवर आहे आणि तिथला गणपती म्हणून तळ्यातला. म्हणजे या ओढ्याच्या वाटेत माणसाने हात घालणं अडीचशे वर्षांहून जुनं आहे. त्यानंतर शहर वाढलं, पात्र आवळलं, काठावर भिंती आल्या, सोसायट्या आल्या, वस्त्या आल्या. पाणी किती चढेल हे जलशास्त्रज्ञ सांगेल, पात्र कुणी कसं आवळलं हे नगररचनेचे नकाशे सांगतील, आणि काठावर कोण का राहतं हे समाजशास्त्रज्ञ सांगेल. या सगळ्यांना एकत्र बसवल्याशिवाय ‘माणसं का गेली’ याचं उत्तर येत नाही.

नीट बघा, यातलं कुणीच सगळं जाणणारं नाही. प्रत्येकाच्या हाती एक पक्कं कसब आहे, आणि दुसऱ्याचं काम कुठे सुरू होतं एवढं कळण्याइतकी ओळख आहे. बहुविद्याशाखीय म्हणजे एवढंच, असं माझं मत आहे. ‘सगळ्यातलं थोडं थोडं’ येणारा माणूस या बैठकीत फक्त इतिवृत्त लिहितो.

म्हणून तुमचे सर अर्धे बरोबर आहेत. एक विषय धरा. पण विषय म्हणजे पदवीवरचं नाव एवढंच नव्हे. ज्यात तुमची चूक दुसऱ्याला पकडता येईल असं एक कसब. संख्याशास्त्र, वातावरणाचं गतिशास्त्र, जलशास्त्र, पीक-मॉडेल (पिकाच्या वाढीचं संगणकावरचं गणित), साथरोगशास्त्र, अर्थमिती, काहीही. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला वातावरणशास्त्र सगळ्यात जवळचं, कारण तुमचं गणित वाया जात नाही.

याचं मला दिसणारं सगळ्यात चांगलं उदाहरण हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ. पुण्याच्याच, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, पुढे 1970 मध्ये हार्वर्डची पीएच.डी. आयआयटीएममध्ये थोडा काळ काम केल्यावर त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. गणित ही त्यांची मूळ बैठक. 1980 मध्ये डी. आर. सिक्का यांच्याबरोबर त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं की मोसमी ढगांचा पट्टा समुद्रावरून उत्तरेकडे पुन्हा पुन्हा सरकत जातो. त्यातून मोसमी पावसाकडे बघायची दृष्टीच बदलली. एवढं पक्कं झाल्यावर त्या कर्नाटक-आंध्रच्या कोरडवाहू भागातल्या भुईमूग उत्पादकांकडे गेल्या. पेरणी कधी केली तर जोखीम कमी, हे शेतकऱ्यांशी बोलून, जुन्या पावसाच्या नोंदी आणि पीक-मॉडेल लावून तपासलं. आणि 2006 मध्ये सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासह अर्थकारणावरचा तो प्रसिद्ध निबंध: देशाच्या सकल उत्पन्नातला शेतीचा वाटा घसरला तरी तीव्र दुष्काळाचा त्या उत्पन्नाला बसणारा फटका 2 ते 5 टक्क्यांच्या घरातच राहिला. हवामानातल्या बाईने अर्थतज्ज्ञांच्या अंगणात जाऊन हे सांगितलं आणि ते ऐकलं गेलं, कारण पावसाच्या बाजूने त्यांना कुणी खोडू शकत नव्हतं.

क्रम बघा: आधी कसब, मग प्रश्न दुसऱ्याच्या शेतात नेणं. उलट्या क्रमाने गेलेले काही हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत. पर्यावरण, धोरण, समाज असं सगळं वाचलेलं, बोलायला उत्तम, पण ‘हा कल खरा कशावरून?’ असं विचारलं की दुसऱ्याच्या निबंधाकडे बोट. त्यांना वाईट वाटतं, मलाही.

दुसरी गोष्ट, आणि हिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही: प्राध्यापकांच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील पदवी’ असं लिहिलेलं असतं. तुमची पीएच.डी. ‘हवामानबदल अभ्यास’ अशा छान नावाने झाली तर ती भौतिकशास्त्राला संबंधित की भूगोलाला, यावर छाननी समिती वाद घालते आणि बहुधा अर्ज बाजूला ठेवते. तेव्हा पदवीवरचं नाव जुनं आणि ओळखीचं असू द्या, प्रबंधाचा विषय हवा तेवढा नवा घ्या. दोन मार्गदर्शक घेता आले, एक तुमच्या कसबाचा आणि एक दुसऱ्या बाजूचा, तर सोन्याहून पिवळं. पण दोघांचं एकमेकांशी पटतं का, हे त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना चहाला नेऊन विचारा.

पुण्यात असण्याचा तुम्हाला केवढा फायदा आहे, हे बहुतेक पुण्यातल्या मुलांना माहीत नसतं. सिमला ऑफिस चौकातून रोज जाणारे हजारो लोक आहेत. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव, हे त्यांतल्या थोड्यांना ठाऊक असेल. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण देशभरातल्या जुन्या नोंदींचं भांडार आणि हवामान संशोधनाचा विभाग पुण्यातच आहे. कृषी हवामानाचा विभाग 1932 पासून इथे आहे. पाषाणला आयआयटीएम, स्थापना 1962 ची. तिथल्या हवामानबदल संशोधन केंद्राने जागतिक हवामान मॉडेलांच्या तुलनेत सहभागी होणारं भारताचं पहिलं मॉडेल बनवलं. तिथेच भूप्रणाली विज्ञानाचं ‘डेस्क’ नावाचं प्रशिक्षण केंद्र आहे. विद्यापीठात वातावरण व अवकाशशास्त्राचा विभाग, पाषाणलाच आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, डेक्कनला गोखले अर्थशास्त्र संस्था, शिवाय राष्ट्रीय विषाणू संस्था, आणि पाणलोटावर गावोगाव काम करणारी वॉटर ही संस्था, ग्रामविकासात काम करणारी वारज्याची बाएफ. हे सगळं पीएमपीएमएलच्या बसने गाठता येतं. या संस्थांची खुली व्याख्यानं होतात. जा, मागच्या बाकावर बसा, प्रश्न विचारा.

यातून काय उगवू शकतं त्याचं ताजं उदाहरण पुण्यातल्या डेंग्यूचं. 2025 च्या सुरुवातीला आयआयटीएममधल्या अभ्यासकांचा निबंध आला: तापमान 27 अंशांच्या वर, हवेत मध्यम आर्द्रता, आणि पावसाळाभर बेताचा पसरलेला पाऊस असेल तर पुण्यात डेंग्यूचे मृत्यू वाढतात, आठवड्याला 150 मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळला तर उलट डासांची अंडी-अळ्या वाहून जातात. म्हणजे ‘जास्त पाऊस, जास्त डेंग्यू’ हे सरळ गणित चुकीचं ठरलं. महत्त्वाचं म्हणजे यातून काही आठवडे आधी इशारा देण्याची शक्यता तयार होते. अशा कामात विश्लेषणाला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ आरोग्याची माहिती मिळवायला लागतो. पावसाच्या नोंदी शंभर वर्षांच्या मिळतात. मृत्यूंच्या नोंदी कुठल्यातरी रजिस्टरमध्ये, प्रभागांच्या हद्दी मध्येच बदललेल्या, निदान तपासणीने झालं की लक्षणांवरून हे लिहिलेलं नाही. दुसऱ्या विषयात शिरायचं म्हणजे त्यांचे निबंध वाचणं नव्हे, त्यांची माहिती कुठे खोटी बोलते हे त्यांच्याजवळ बसून शिकणं.

आता लोकांशी बोलणं. माझ्या मते हे संशोधनानंतर करायचं काम नव्हेच. एक सांगते. हवामान खातं हंगामाचा अंदाज देतं तो एकूण पावसाचा: 1971 ते 2020 ची देशाची सरासरी 87 सेंटीमीटर, तिच्या 96 ते 104 टक्के पडला की ‘सर्वसाधारण’. मी अशा आकड्यांवर बोलायला गावात गेले की शेतकरी शांतपणे ऐकून घ्यायचे. मग मराठवाड्यातल्या एका बैठकीत एक काका म्हणाले, ‘मॅडम, एकूण किती पडणार ते ऱ्हाऊ द्या. पेरल्यावर किती दिवस उघडीप राहणार, ते सांगता येतं का?’ सर्वसाधारण पावसाच्या वर्षीही जुलैत तीन आठवड्यांचा खंड पडला तर दुबार पेरणी करावी लागते, बियाण्याचे पैसे दोनदा जातात आणि खात्याच्या वहीत ते वर्ष चांगलं म्हणून नोंदलं जातं. खंडांवरचं माझं पुढचं बरंच काम त्या प्रश्नातून आकाराला आलं. दर गुरुवारी येणारे चार आठवड्यांपर्यंतचे विस्तारित अंदाज हे त्याच प्रश्नाचं वैज्ञानिक उत्तर आहे, आणि त्यांची घडण पुण्यातच झाली. लोकांत गेल्याने माझं संशोधन मागे पडलं नाही. काय शोधायचं ते मला तिथे कळलं.

पण सरांच्या भीतीतही तथ्य आहे. नेमणुकीच्या वेळी निबंध मोजले जातात, मराठीतला लेख मोजला जात नाही, आणि काही ज्येष्ठ मंडळी ‘टीव्हीवरचा’ असं म्हणून नाक मुरडतात. जयंत नारळीकरांचं उदाहरण लोक देतात: संशोधन आणि मराठी लेखन, दोन्ही आयुष्यभर. खरं आहे. पण मराठीत लिहू लागण्याआधीच विश्वरचनाशास्त्रात त्यांचं नाव झालेलं होतं, हे विसरू नका. तुम्ही सुरुवात करताय. त्यामुळे पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत रोजचं चॅनल मुळीच सुरू करू नका. रोजचं चॅनल रोज मत मागतं, आणि आपल्या क्षेत्रात रोज नवीन काही कळत नाही; मग माणूस न कळलेल्यावर बोलायला लागतो. त्याऐवजी दोन-तीन महिन्यांतून एक सावकाश लिहिलेला लेख. मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, शेतीविषयक दैनिकं आहेत, आकाशवाणी आहे. एखादा निबंध मराठीत नीट मांडायला बसलात की आपल्याला तो कुठे समजलेला नाही ते दुसऱ्या परिच्छेदातच उघडं पडतं. त्या अर्थाने तो तुमच्याच अभ्यासाचा भाग आहे.

बोलताना सगळ्यात अवघड जातं ते ‘किती खात्री’ हे सांगणं. रेड अलर्टचं उदाहरण घ्या. ‘पुण्याला रेड अलर्ट’ अशी बातमी येते, शाळांना सुट्टी मिळते, कोथरूडमध्ये ऊन पडतं आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर वेधशाळेचे विनोद फिरतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो इशारा जिल्ह्याच्या घाटमाथ्याला असतो. पुणे जिल्ह्यात ताम्हिणीला हंगामात हजारो मिलीमीटर पडतो आणि बारामती-शिरूरकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्याला एक रंग देऊन हे कसं सांगणार? ‘अत्यंत जोरदार’ म्हणजे दिवसात 204.4 मिलीमीटरच्या वर, हे कोथरूडच्या माणसाने आयुष्यात क्वचित पाहिलेलं असतं. आणि रंग पावसाचं प्रमाण तेवढंच सांगत नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे सगळं एका दमात सांगायला गेलात तर समोरचा पळेल. मी प्रसंग बघून एकच गोष्ट निवडते. शहरात बोलत असेन तर ‘इशारा कुठल्या भागाला आहे ते आधी बघा, आणि धरणातून किती पाणी सोडतायत तेही बघा’ एवढंच. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा घरावर पडणाऱ्या पावसाइतकाच खडकवासल्यातून सुटणाऱ्या पाण्याचा प्रश्न होता.

टक्केवारीबद्दल माझा अनुभव असा की शेतकऱ्यांना शक्यता कळत नाही हे साफ खोटं आहे. ‘60 टक्के शक्यता’ म्हटलं की चेहरे कोरे राहतात, पण ‘असं आभाळ दहा वेळा आलं तर सहा वेळा पडतो, चार वेळा हुलकावणी देतो’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘मग खत आज टाकू का परवा?’ जोखमीचा हिशोब त्यांचा रोजचा आहे. ज्यांना अनिश्चितता पेलत नाही ते बहुतेक वेळा स्टुडिओत बसलेले असतात. त्यांना ‘हो की नाही’ हवं असतं. तिथे ‘हा माझा विषय नाही, अमुक यांना विचारा’ म्हणायला लवकर शिका आणि ‘अमुक’ यांचे नंबर जवळ ठेवा. तुम्ही नाकारलेल्या मुलाखतींमुळेच दिलेल्या मुलाखतींना वजन येतं. आणि शासकीय संस्थेत रुजू होणार असाल तर माध्यमांशी बोलण्याबद्दलचे सेवानियम आधी वाचा; नुसतं विज्ञान सांगणं आणि सरकारी धोरणावर मत देणं यांत ते फरक करतात.

नोकरी आणि पैसा. यावर फार लिहीत नाही, कारण चित्र सरळ आहे. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं. दोन वर्षांनंतर 42,000. भौतिकशास्त्राच्या पेपरातून बसा किंवा पृथ्वी-वातावरण-महासागर विज्ञानाच्या, दुसऱ्यात स्पर्धा वेगळी आहे, जुने पेपर बघून ठरवा. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनपद, बहुधा परदेशात. कायम जागा थोड्या आणि उशिरा. मधली काही वर्षं प्रकल्पांवरच्या कंत्राटी पदांत जातात, आणि प्रकल्प संपला की पद संपतं. हे घरी लपवू नका. दुसरी बाजू अशी की पीक विमा, बँका, पाणी आणि ऊर्जा कंपन्या, स्वयंसेवी संस्था यांना पावसाची माहिती हाताळता येणारी आणि ती साध्या भाषेत सांगता येणारी माणसं हवी आहेत. राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, हवामानावर आधारित पीक विम्याचे दावे त्यांच्या आकड्यांवर ठरतात, आणि ते आकडे वाचता येणारे लोक कमी आहेत. पाच वर्षं थांबणं परवडत नसेल तर एम.एस्सी.नंतर अशा ठिकाणी दोन वर्षं काढून मग पीएच.डी.ला या. उशीर झाला असं कुणी म्हणणार नाही. उलट प्रश्न जास्त धारदार घेऊन याल.

एमपीएससीबद्दल एवढंच: ती वाईट नाही, पण ती आणि नेट एकाच वर्षी करू नका. दोन्ही अर्धवट होतात. घरी एक मुदत सांगा, म्हणजे नेटच्या दोन फेऱ्या, आणि तोवर एमपीएससीचं नाव काढायचं नाही असं दोन्ही बाजूंनी ठरवा. आई-वडिलांना ‘बहुविद्याशाखीय’ समजावत बसू नका. आपल्या शिवारात पावसाचे खंड वाढलेत का, हे मी शोधणार आहे, असं सांगा. कोरडवाहू शेती करणाऱ्या माणसाला त्यापुढे काही समजवावं लागत नाही.

आणि हे खरोखरच शोधायला आजपासून लागा. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर 1901 पासूनच्या रोजच्या पावसाच्या नोंदी अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींत मोफत मिळतात, तापमानाच्या 1951 पासून एक अंशाच्या. थोडं पायथॉन येत असेल तर आठवड्यात उघडता येतील. बार्शी ज्या चौकटींत येते त्या घ्या आणि एकूण पावसाचा आलेख काढू नका, तो सगळेच काढतात. कृषी खातं सांगतं की 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तर दर वर्षी ती मर्यादा कोणत्या तारखेला ओलांडली गेली ते काढा, आणि त्यानंतरच्या चाळीस दिवसांत सलग किती दिवस कोरडे गेले ते मोजा. मग तो तक्ता घेऊन गावी जा. वडिलांना आणि शेजारच्या दोन-तीन जुन्या शेतकऱ्यांना दुबार पेरणीची वर्षं आठवायला सांगा आणि तुमच्या तक्त्याशी ताडून बघा. जिथे जुळणार नाही तिथे कारण शोधा: बियाणं बदललं असेल, सोयाबीन नव्याने आलं असेल, वापसा (पेरणीजोगी ओल) नसताना घाईने पेरलं असेल, किंवा तुमची चौकट जवळपास सत्तावीस किलोमीटरची असल्याने शेजारच्या तालुक्याचा पाऊस तुमच्या खात्यात आला असेल. जुन्या दशकांत पर्जन्यमापकांची संख्या कमी-जास्त होत राहिली आहे, त्यामुळे अतिवृष्टी वाढल्याचा आभासही तयार होऊ शकतो. कल दिसला की लगेच आनंदून जाऊ नका, आधी तालुक्याच्या मापकाच्या मूळ नोंदी मिळवून तपासा.

मार्गदर्शक शोधायला जाताना हे चार-पाच पानांचं टिपण सोबत न्या. ‘मला हवामानबदलात रस आहे’ एवढंच लिहिलेल्या ईमेल आमच्यासारख्यांना सतत येतात आणि बहुतेकांना उत्तर जात नाही. बार्शीच्या खंडांचा तक्ता आणि खाली ‘ही सहा वर्षं जुळत नाहीत, का ते मला कळत नाही’ असं लिहिलेलं टिपण आलं तर मी तरी त्याच दिवशी फोन करेन.